ठरावाचा राब

कायद्यानं ग्रामपंचायतीत दोन बायका लागत, म्हणून मी पंचायतीत गेले. दुसरी पहिल्याच सभेनंतर बाळंतपणाला माहेरी गेली, ती पुन्हा सभेला फिरकली नाही. राहिले मी. माझी चौथी झालेली, म्हणजे मला सही येत होती आणि सरपंचांना तेवढंच हवं होतं. सरपंच म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. मी त्यांना भावजी म्हणे, ते मला वहिनी. ठराव ते मांडत. खाली सूचक म्हणून त्यांचं नाव असे आणि अनुमोदक म्हणून माझं. ग्रामसेवक माझं नाव सभेआधीच लिहून ठेवी. मला यायला उशीर झाला म्हणून गावाचं काम अडायला नको.

हे सगळं ऐंशी सालानंतरचं. कर्जतहून खालापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. नाक्यावर दर गुरुवारी बाजार भरे. रस्ता एवढा अरुंद की समोरासमोर दोन एस.ट्या आल्या की कुणी मागं घ्यायची यावर कंडक्टरांची भांडणं होत. त्यात माणसं कोंबून नेणाऱ्या जीपा आल्या. मग खालापूरकडं एक कारखाना निघाला आणि त्याचे टेंपो सुरू झाले. बाजारच्या दिवशी नाका ओलांडायला म्हशीला जेवढा वेळ लागे तेवढाच गाडीला लागे. म्हैस निदान हॉर्न वाजवत नसे.

पंचायतीनं यावर पहिला ठराव केला तो एकेरी वाहतुकीचा. ग्रामसेवक पुण्याला जाऊन ते बघून आला होता. आमच्या गावात रस्ता एकच. गुरुवारी त्यावरून गाड्या फक्त कर्जतकडं जातील असं ठरलं. गेलेली गाडी परत कशी यायची ते ठरावात नव्हतं. मी विचारलं तर सरपंच म्हणाले, "वहिनी, आदी जाऊ तर द्या." दोन गुरुवार ठराव चालला. तिसऱ्या गुरुवारी सरपंचच दहिवलीला सासुरवाडीला गेले आणि गावाबाहेर अडकून पडले. त्यांना बाजार उठेपर्यंत आंब्याखाली बसावं लागलं. मग ठराव रद्द झाला. अनुमोदक मीच.

दुसरा ठराव पाटीचा. 'येथे थांबू नये' अशी लोखंडी पाटी नाक्यावर पुरली. तिच्यामुळं रस्ता हातभर आणखी अरुंद झाला. उन्हात तिची सावली बरी पडे म्हणून एस.टी.ची वाट बघणारे लोक तिच्याखालीच थांबत.

तिसरा ठराव माझ्या कोपऱ्यावर आला.

नाक्याला लागून आमचं शेत. सगळं शेत सखल, पावसात गुडघाभर पाणी साचतं. रस्त्याकडचा एक कोपरा तेवढा उंचावर, म्हणून आमचा राब पिढ्यान्‌पिढ्या तिथं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप आधी एका जागी वाढवायचं आणि मग शेतभर लावायचं. रोपाच्या त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, टहाळ म्हणजे पानांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती भुरभुरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवून हळूहळू भाजायचं. त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर वर्षाचा भात नाही. नवरा भिवपुरीच्या पॉवर हाउसवर कामाला होता, पगार येई, पण खाणारी तोंडं आठ होती आणि पगाराचा भात शिजत नाही.

तर सरपंचांचं म्हणणं, हा कोपरा पंचायतीला द्या, तिथं जीपा उभ्या राहतील, नाका मोकळा होईल.

मी म्हटलं, "आनि आमी राब कुठं भाजायचा? तुमच्या ओटीवर?"

"वहिनी, गावाचा विचार करा."

"गावात आमी पन ऱ्हातो, भावजी."

त्या दिवशी मी सही केली नाही. ग्रामसेवकानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं मला डोळे आहेत हे त्याच्या तेव्हाच लक्षात आलं.

त्यात थर्माकोल आला. कारखान्याची यंत्रं थर्माकोलच्या खोक्यांत यायची. यंत्र काढून घेतलं की राहिलेला पांढरा पसारा टेंपोत भरून कुठंतरी टाकायला पाठवत. तो कुठं टाकायचा ते टेंपोवाल्याला कुणी सांगितलेलं नसायचं. टेंपो आमच्या नाक्यावर अडके. अडकलेला माणूस बसल्या बसल्या काय करील? तो मागं जाऊन टेंपो मोकळा करी. गाडी सुटेपर्यंत त्याचं कामही झालेलं असे. वारा सुटला की ते तुकडे कुरमुऱ्यांसारखे उधळत आणि माझ्या कुंपणाच्या निरगुडीला अडकून बसत. लोक म्हणू लागले, कुंपणामुळं कचरा साठतो. एकानं तर मला भर बाजारात सांगितलं, "मामी, निरगुडी तोडा, गावात घान होते."

मे महिन्याच्या सभेत ग्रामसेवकानं तोड काढली. तो देशावरचा, ज्वारीच्या मुलखातला, राब त्यानं आमच्याकडंच पहिल्यांदा पाहिला. म्हणाला, "बाई, फॉरेस्टवाले टहाळ तोडू देत नाहीत, शेण पुरत नाही. थर्माकोल काडी लावली की भडकतो. प्रत्येक शेतकऱ्याला पोतं पोतं वाटू. कचरापण गेला, राबपण झाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बसलेल्यांत राब न भाजलेला एकही माणूस नव्हता, एक ग्रामसेवक सोडला तर. आणि ऐकलं त्याचंच.

सरपंच मला म्हणाले, "पयला मान तुमचा. तुमचा कोपरा रस्त्यावर हाय, येता-जाता लोक बगतील. तुमचा राब झाक झाला, तर कोपऱ्याचा विषय मी परत काढनार नाय."

"आनि नाय झाला तर?"

"न व्हायला काय झालं? शेनाचा काय, थर्माकोलचा काय, इस्तू तो इस्तू."

मी सही केली. कुणी हात धरून करायला लावली नव्हती. त्या वर्षी एक म्हैस विकल्यामुळं शेण कमी होतं, टहाळासाठी डोंगर चढायचा कंटाळा होता आणि फुकटचं मिळत होतं. त्यातून कोपरा कायमचा वाचत होता. माझी अक्कल तेव्हा माझ्याजवळच होती, दुसऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. मी एक नाही, पाच पोती आणली. कडेला होतं तेवढं शेण घातलं आणि मधे सगळा थर्माकोल.

गुरुवारी सकाळी, बघायला लोक असतील म्हणून, पेटवला. राब धुमसायला हवा. हा भडकला. धूर काळाकुट्ट, आणि वास असा की बाजारातल्या सुक्या बोंबलांचा वास येईनासा झाला. धुरात ड्रायव्हरला पुढचं दिसेना, म्हणून एस.टी. थांबली. तिच्यामागं जीपा थांबल्या, त्यांच्यामागं टेंपो. नाका त्या दिवशी तुंबला तेवढा पुन्हा कधी तुंबला नाही. टेंपोवाल्यानं तेवढ्यात आणखी एक खेप रिकामी केली.

संध्याकाळी नवरा कामावरून आला, कोपऱ्याशी उभा राहिला. थर्माकोल गुळाच्या पाकासारखा वितळून मातीवर पसरला होता आणि थंड होऊन त्याचं काळं कवच झालं होतं. त्यानं काठीनं ठोकून पाहिलं. टक टक वाजलं.

"काय केलंस गं हे?"

"ठराव भाजला."

काठी कुंपणाला टेकवून तो हातपाय धुवायला गेला.

मृगात कुदळीनं कवच फोडून बी फेकलं. कडेला शेण होतं तिथं बोटभर हिरवी रेघ उगवली. मधे काहीच नाही. पाणी वरच्यावर थांबे आणि बी कुजे. कुदळ मारली की वीतभर ढेप निघे, तव्यावरून करपलेली भाकरी निघावी तशी. शेजारपाजारची रोपं वर येऊ लागली. माझा कोपरा रस्त्यावर असल्यामुळं सगळ्यांना दिसत होता, सरपंच म्हणाले होते तसाच.

पुढच्या सभेत ठराव तयार होता. कोपऱ्यातली जमीन नापीक झाल्यानं ती जीपा उभ्या करायला घ्यावी. सूचक सरपंच. अनुमोदक म्हणून माझं नाव आधीच लिहिलेलं, सुवाच्य अक्षरात.

मी पेन खाली ठेवलं. "पोती वाटली ती भाजली कुनी कुनी?"

एकानं सांगितलं, त्यानं पोतं गोठ्याच्या गळत्या छपरात कोंबलं. दुसऱ्याचं माळ्यावर होतं, गणपतीच्या मखराला होईल म्हणून.

"आनि भावजी, तुमचा राब कसला?"

सरपंच टोपी सारखी करत म्हणाले, "आमचा आपला नेहमीचा. शेनाचा."

"आनि ठरावाचा?"

"ठराव गावासाठी होता, वहिनी."

सही न करताच मी घरी गेले. चार दिवस त्या ढेपा उकरून एका जागी केल्या. पाऊस होता, पाठ धरली, ते सोडा. गुरुवारी बैलगाडीत भरल्या. बैल मी माहेरापासून हाकते. भर बाजारात गाडी नाक्यावर, पंचायतीच्या दारासमोर, रस्त्याच्या मधोमध आणली आणि बैल सोडून घेतले.

पहिली आली ती कर्जतची एस.टी. ड्रायव्हर ओरडला, "ए मावशी, गाडी काड की!"

"पंचायतीचा माल हाय. त्यांनी उतरवून घेतला की काडते."

"कसला माल?"

"राब हाय. शिजलेला."

समोरून दुसरी एस.टी. आली. मधे जीपा घुसल्या. कोंबडीवाल्या बाईची टोपली कलंडली आणि कोंबड्या 'येथे थांबू नये'खाली जमल्या. प्रवासी खाली उतरून विचारू लागले, सरपंच कोण, सरपंच कुठाय. सरपंच मागच्या दारानं निघाले होते, पण मागच्या दाराला माझे बैल बांधले होते.

मी आत गेले, ग्रामसेवकाकडून वही घेतली आणि ठराव स्वतः लिहिला. अक्षर चौथीचं, ऱ्हस्व-दीर्घ देवाच्या हवाली. कोपरा राबाचा आहे व राबाचाच राहील. या वर्षीचं रोप सरपंचांच्या शेतातून मिळेल. सूचक म्हणून आठ वर्षांत पहिल्यांदा माझं नाव लिहिलं आणि वही पुढं सरकवली.

"अनुमोदक पायजे, भावजी."

"वहिनी, असं लोकांना येठीला धरून ठराव होतात व्हय?"

बाहेर तीन गाड्यांचे हॉर्न एकदम वाजत होते. कुणीतरी पंचायतीच्या दारावर थाप मारली. भावजींनी सही केली.

ढेपा मात्र कुणी उचलल्या नाहीत. मी त्या तिथंच रस्त्याच्या मधोमध ओतल्या आणि बैल जुंपून गाडी घेऊन घरी आले. पुढच्या गुरुवारी बाजार दोन्ही बाजूंनी मागं सरकला आणि गाड्या कडेच्या मातीत उतरून त्या ढिगाला वळसा घालू लागल्या. जाणाऱ्या एका अंगानं, येणाऱ्या दुसऱ्या अंगानं. दोन एस.ट्या समोरासमोर येणं बंद झालं. दिवाळीच्या सुमारास पंचायतीनं ढिगाभोवती दगड लावून त्याला चुना फासला आणि वाहतुकीची कोंडी सोडवल्याबद्दल सरपंचांच्या अभिनंदनाचा ठराव केला. त्यावर मी सही केली. नाका खरंच मोकळा झाला होता, खोटं कशाला बोला.

रोप सरपंचांनी दिलं, पण स्वतःची लावणी उरकल्यावर. उशिरानं लावलेला भात तो, निम्म्यानं कमी आला. त्या हिवाळ्यात संध्याकाळी नाचणीची भाकरी खाल्ली. कोपऱ्यातली माती ताळ्यावर यायला तीन वर्षं गेली. दर वैशाखात मी डोंगर चढून टहाळ आणलं, शेण विकत घेतलं आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवलं. भावजी एस.टी.ची वाट बघत पाटीखाली उभे असले की विचारत, "वहिनी, औंदा काय घातलंय?"

"शेन," मी सांगे. "ठराव नाय घातला."