सादिक आकांच्या घरचा चहा

सादिक आका गेले आणि माझे बाबा ढसाढसा रडले.

आई गेली तेव्हा रडले नव्हते.

काल दफनाला उभी होते. वाईट वाटायला हवं होतं, पण मला राग आला. या माणसासाठी एवढं?

हो, जळायचे मी त्यांच्यावर. लंडनला, हाउन्सलोत आमच्या घरी जेवायला आलेल्या प्रत्येकाने माझी ही कटकट ऐकलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सादिक आका उझबेक. आका म्हणजे त्यांच्याकडे दादा.

तिकडे आधी शाळामास्तर, मग संपादक. वर्गात मुलींना मुलांच्या शेजारी बसवलं म्हणून मुल्ला चिडले. बाजारातल्या माणसाला कळेल अशा भाषेत सरकारला प्रश्न विचारले म्हणून साहेबलोक चिडले. सोव्हिएत युनियन फुटून देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी छोटासा पक्ष काढला आणि खरीखुरी निवडणूक मागितली.

झालं. पेपर बंद, छापखान्याला सील, स्वतः आत.

सुटल्यावर बायको-मुलीला घेऊन इथे आले. एअरपोर्टची मिनीकॅब चालवली आणि लेख लिहून तिकडे पाठवत राहिले. बायको इथेच गेली. परत जाता आलं नाही ते नाहीच.

बाबा त्यांना लायब्ररीत भेटले. आका ट्रेनमध्ये मिळणारा फुकटचा पेपर घेऊन लाल पेनाने त्यातल्या चुका सुधारत बसले होते. बाबा रिटायर्ड हेडमास्तर. मागून वाकून म्हणाले, "वन मोअर. हिअर."

तिथे जमलं ते जमलंच.

आईनंतर मी बाबांना साताऱ्याहून इकडे आणलं. वाटलं, आता आम्ही दोघं बोलू. आईबद्दल बोलू. मला तेवढंच हवं होतं.

"बाबा, बरं वाटतंय ना?" "हो." "करमतंय का?" "बघू."

आणि आकांच्या फ्लॅटवर? अर्धं सिनेमातलं हिंदी, अर्धं इंग्लिश, उरलेलं हातवारे करून, तासन् तास! डोक्यावरून विमान गेलं की आका वाक्य तिथेच धरून ठेवायचे आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे. बाबा तेवढा वेळ थांबायचे. मी जेवणाच्या टेबलावर एक वाक्य बोलले की त्यांचं लक्ष टीव्हीकडे.

एकदा आका मला सहज म्हणाले, "युवर मदर, शी सिंग व्हेन अँग्री, यस?"

आई चिडली की गाणं म्हणायची, हे मला माहीत होतं. बाबांच्याही लक्षात होतं, हे मला एका परक्या माणसाकडून कळलं. अंगाचा तिळपापड झाला.

एकाच गोष्टीत मी जिंकत होते. चहात.

त्यांच्याकडे बिनकानाच्या वाटीत ग्रीन टी. बाबांना तळाशी जेमतेम दोन घोट. मी बाबांना न्यायला गेले की मला मात्र काठोकाठ. गाडीत बाबांना चिडवायचे, "बघा, तुमचा जिगरी दोस्त तुम्हाला अर्धी वाटीसुद्धा देत नाही. मान मला आहे."

बाबा नुसते हसायचे.

आकांच्या हॉस्पिटलमधल्या शेवटच्या दिवशी मी खाली गाडीत बसले होते. बाबा त्यांना भेटून वरून आले आणि सीटबेल्ट लावून बसले.

काल दफनानंतर आकांच्या फ्लॅटवर माणसं मावत नव्हती. ब्रिस्टलहून, कुठून कुठून आलेली. म्हातारे म्हातारे पुरुष त्यांना "उस्ताद" म्हणून रडत होते. मला परत पोटात दुखलं. माझ्या आईच्या वेळी गल्लीतले शेजारी तेवढे आले होते.

त्यांची मुलगी निगोरा चहा ओतत होती. माझ्यासमोर वाटी ठेवली. दोन घोट.

मी म्हटलं, "तुझे बाबा मला काठोकाठ द्यायचे हं."

ती आधी गोंधळली, मग रडता रडता हसायला लागली.

"ओ नो. ताई, आमच्यात कमी चहा म्हणजे बसा, परत परत ओतू. काठोकाठ म्हणजे… यू नो. टाइम टू गो."

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस मला गोड हसून घरी पाठवत होता? मी तिथेच लालबुंद.

"ते म्हणायचे, ही पोरगी हातात गाडीची किल्ली घेऊन बसते. हिला कशाला अडकवायचं."

हे मात्र खरं. किल्ली कालसुद्धा हातातच होती.

मग तिने हळूच सांगितलं. शेवटच्या दिवशी आकांनी थर्मासमधून स्वतःच्या हाताने चहा ओतला. बाबांची वाटी काठोकाठ भरली. चादरीवर सांडला तरी ओतत राहिले.

"आणि म्हणाले, गो होम, ब्रदर. युवर डॉटर इज वेटिंग डाउनस्टेअर्स. नाउ यू टेल हर."

बाबांनी ती वाटी संपवली आणि खाली आले. गाडीत मी त्यांना पार्किंगबद्दल काहीतरी ऐकवलं होतं.

आज सकाळी मी ऑफिसला निघाले. स्टेशनपर्यंत गाडी, मग मेडनहेडची ट्रेन. बाबा किचनमध्ये उभे. त्यांनी चहा केला होता, आपला दुधाचा, आलं घालून. माझ्या मोठ्या मगमध्ये.

तळाशी दोन घोट.

"बाबा, एवढासाच…" मी म्हणाले आणि जीभ चावली.

त्यांनी पातेलं गॅसवर तसंच ठेवलं होतं. भरपूर चहा होता त्यात.

मी किल्ली टेबलावर ठेवली. ऑफिसला मेसेज टाकला, येत नाही.

बाबा समोर बसले. मग म्हणाले, "तुझी आई चिडली की गायची. माहितीये तुला?"

"नाही," मी म्हटलं. "सांगा."

पातेलं रिकामं झालं तेव्हा दुपार झाली होती. बाबा रडले. मीही.

आका, मी अजूनही जळते तुमच्यावर. आधी तुम्हाला सांगितलं ना त्यांनी सगळं.

पण खिडकीत तुमच्यासाठी एक वाटी ठेवलीय. काठोकाठ भरून.

या आता. सावकाश जा.