धूर दिसला म्हणजे

शाळा माझी चौथीतच सुटली. वडील गेले, घर चुलत्यांच्या हातात गेलं, आणि पुढे काही वर्षं इथंतिथं राबून मी कोकणातून पार तळोद्याला येऊन पडलो. तिथल्या एका मारवाडी लाकूडवाल्या शेठनं मला ठेवून घेतलं. ओळख ना पाळख. त्या माणसाचे उपकार मी अजून मानतो.

काम सोपं होतं, म्हणजे सांगायला सोपं. सातपुड्यात तोडीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्याला कूप म्हणत. तोड झाली की सागाचे ओंडके एकावर एक रचून थप्प्या लावायच्या, आणि बैलगाड्या येऊन ते नेईपर्यंत तिथं एकट्यानं झोपडी बांधून राखण करायची. मी मूळचा भित्रा. थंडीत सागाचं वाळलेलं पान गळालं तरी कुणी चालत आलंसं वाटे, आणि मी हातातली भाकरी खाली ठेवून कानोसा घेत बसे.

माझ्या आधी त्या कुपावर जो राखणदार होता तो तापानं गेला, आणि गाडीवाले येईपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. ते शेठच्या मनाला लागलं. तेव्हापासून त्यानं एक शिस्त घालून दिली होती. सकाळी उठल्यावर जाळ करून धूर काढायचा, आणि समोरच्या कुपावरच्या राखणदारानं तो बघायचा. धूर दिसला म्हणजे माणूस ठीक. नाही दिसला तर हातातलं काम टाकून जायचं.

मधे एक खोल ओहळ, आणि पलीकडच्या टेकाडावर पावरा जमातीतला एक आदिवासी राखणदार, वयानं माझ्या वडिलांएवढा. मी त्याला बाबा म्हणे. मी कोकणातला म्हटल्यावर त्यानं मला नवापूरकडच्या कोकणी जमातीतला धरलं, आणि ते त्याच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही. कोकणी असून तुला तुझी बोली कशी येत नाही, म्हणून तो मला चिडवी. आम्ही बोलायचो मोडक्या अहिराणीत. ती ना त्याची, ना माझी.

पहिल्याच पावसाळ्यानंतर मला हिवताप भरला. कांबळ्याखाली कुडकुडत पडलो होतो, चुलीपर्यंत जाण्याचं बळ नव्हतं. ऊन वर आलं तसा दारात बाबा उभा.

"तुन्हा धूर दिसना नही, म्हनीसन उनू."

धूर दिसला नाही म्हणून आलो, एवढंच बोलला. मला पाठीवर घेऊन गाडीवाटेपर्यंत उतरला. तळोद्यात शेठनं तापावरचं कोयनेल पाजलं, आपल्या ओसरीवर झोपवलं. मी जगलो तो असा. पुन्हा कुपावर गेलो तेव्हा समोरचा धूर बघून मला माझ्या माणसांत असल्यासारखं वाटायचं.

पुढच्या वर्षी माघात थंडी फार पडली. डोंगरातली माणसं विस्तव रोज नवा पेटवत नाहीत, राखतात. बाबा एक जाडजूड ओंडका शेकोटीत सारून ठेवी, आणि तो आतल्या आत धुमसत कितीतरी दिवस चाले. मी कोकणातला, माझी चूल सकाळी पेटायची ती नव्यानं. हा फरक ना शेठच्या ध्यानात आला, ना माझ्या. बाबाच्याही आला नसावा, निदान तोवर.

बाजाराच्या दिवशी गाडीवाला आम्हा दोघांचं मीठ आणि तंबाखू माझ्याकडे ठेवून जाई, आणि संध्याकाळच्या आत बाबा ते न्यायला येई. त्या बाजारी तो आला नाही. सकाळी धूर तर पाहिला होता. म्हटलं, उद्या येईल. दुसऱ्या दिवशीही धूर होता आणि बाबा नव्हता. तंबाखूवाचून हा माणूस राहील कसा, म्हणून दुपारी मीच पुडी घेऊन ओहळ उतरलो.

थप्पीतला एक ओंडका घसरून त्याच्या मांड्यांवर आला होता. शेकोटी पलीकडेच होती, हात पोचणार नाही इतकी लांब. तिच्यातून धूर निघत होता, शांत, सरळ. बाबाचं अंग गार पडलेलं. त्याच्या उजव्या हाताखालची जमीन खरवडून खड्डा झाला होता, नखांत माती होती. आणि शेकोटीच्या दिशेनं मातीची ढेकळं पडलेली, बहुतेक अलीकडेच. एखाददुसरं राखेपर्यंत गेलेलं.

मी ती ढेकळं बघत उभा राहिलो. आधी कळेना. मग कळलं. त्याला तो धूर विझवायचा होता.

शेठ स्वतः वर आला. ढेकळं मी त्याला दाखवली. तो पगडी मांडीवर घेऊन खाली बसला. त्यानंतर त्याच्या कुठल्याही कुपावर माणूस एकटा राहिला नाही. दोघं दोघं ठेवले, आणि एक जण थप्पीशी गेला तर दुसऱ्यानं नजरेच्या टप्प्यात राहायचं, असं बजावून. मलाही जोडीदार मिळाला. तो घोरायचा, आणि मला त्या घोरण्यानं झोप लागायची. बाबाच्या मरणानं मला मिळालेली ही सोबत, तिचं काय करावं ते मला कधी उमगलं नाही.

बाबाची बायको त्याच्या पाड्यावरून आली तेव्हा पुरुषमाणसांनी ओंडका बाजूला केला होता. ती रडत नव्हती. तिचा पाडा टेकाडाच्या मागच्या अंगाला होता, तिथूनही शेकोटीचा धूर दिसे. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मला समजावं म्हणून अहिराणीत, शब्द शोधत म्हणाली,

"तुले बी धूर दिसना ना, भाऊ?"

"दिसना, माय."

"रोज?"

"रोज."

तिनं मान हलवली. जरा वेळानं पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं, की धूर दिसला होता.