आठ इंचांचा तिरकेपणा

लग्नाआधी मंजूषा पुण्यात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायची. पडक्या वाड्यांची मापं घ्यायला साहेब तिलाच पाठवायचे. नवऱ्याच्या, रमेशच्या नोकरीपायी ती नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला आली आणि चौदा वर्षं डबे, शाळा, पाहुणे यांतच गेली. मुलगा श्रेयस कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात गेला तेव्हा घर एकदम रिकामं झालं. त्या हिवाळ्यात लायब्ररीतल्या एका पुस्तकात तिला आयर्लंडमधल्या आठशे वर्षांच्या मठाचा फोटो दिसला. छप्पर नाही, नुसत्या कमानी, आणि भोवती गायी चरतायत.

"मी हा मोजून येणार," तिने जेवताना सांगितलं.

रमेश हसला. "अगं, तिथे इथला शेंगेन व्हिसा चालत नाही. वेगळा व्हिसा लागतो. आणि एकटी?"

"एकटीच."

"Mom, there's probably a 3D scan online," सुट्टीला घरी आलेला श्रेयस म्हणाला.

"असेल. मी नाही ना तो केलेला."

व्हिसाचे कागद तिने स्वतःच भरले. मे महिन्यात ती विमानाने डब्लिनला गेली आणि तिथून दोन बस बदलून त्या गावात पोचली. फाटकाला कुलूप होतं. किल्ली समोरच्या घरात मिळेल, अशी पाटी होती. तिथल्या म्हातारीने किल्ली दिली आणि विचारलं, "फोटो काढायला आलात?"

"नाही, मापं घ्यायला."

म्हातारीने तिला वर-खाली न्याहाळलं. "मग गमबूट घेऊन जा. चिखल आहे."

टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. मंजूषाने ते दगडाखाली दाबलं आणि भिंतीमागून भिंत मोजत गेली. पाऊस आला की कमानीखाली उभी राहून आकडे लिहायची. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की उत्तरेची भिंत सरळ नाही, आठ इंच तिरकी आहे. तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा आठच. चौदा वर्षांनी आपला हात चुकला नाही, या आनंदात तिने गायींसमोर मोठ्याने शिट्टी मारली.

तेवढ्यात रमेशचा फोन आला. "शनिवारी माझे बॉस जेवायला येतायत. तू शुक्रवारी येतेयस ना?"

"नाही. माझी दक्षिणेची बाजू राहिलीय. मंगळवारी येते."

"आणि स्वयंपाक?"

"तू कर. नाहीतर बाहेरून मागव."

"मंजू, हा काय हट्ट?"

"हट्टच आहे," ती म्हणाली. फोन खिशात टाकून तिने टेप पुन्हा ओढली.

मंगळवारी ती घरी आली. सिंकमध्ये शनिवारची भांडी तशीच पडली होती. तिने त्यांना हात लावला नाही. जेवणाच्या टेबलावरचं सगळं उचलून तिने मठाचा नकाशा काढायला मोठा कागद पसरला. आठवडाभर ते टेबल तिचंच होतं, रमेशने ताट मांडीवर घेतलं.

"हे करून पुढे काय?" शेवटी रमेशने विचारलं.

"काम शोधणार."

पहिल्या तीन ऑफिसांनी नकार दिला. चौथं जवळच्या लायडन शहरातलं, जुन्या इमारतींची मापं घेणारं. मठाचा नकाशा बघत तिथल्या बाईंनी विचारलं, "चौदा वर्षं रिकामीच होतात?"

"रिकामी एक दिवसही नव्हते," मंजूषा आपल्या मोडक्या डचमध्ये म्हणाली. "पगार मात्र कोणी दिला नाही. तुम्ही द्या."

ऑक्टोबरपासून ती आठवड्यातले तीन दिवस तिथे जाते. त्या दिवसांचा स्वयंपाक रमेश करतो. मीठ जास्त पडतं, पण करतो.