दारातली बोगनवेल

थोरलीला कुणाचं चांगलं झालेलं बघवत नसे, असं म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. शेजाऱ्यांचं, भाचरांचं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचंसुद्धा चांगलं झालेलं तिला चालायचं. चालायचं नाही ते फक्त धाकट्या जावेचं. आणि धाकटीला या बागकामाच्या भानगडीत ओढलं होतं तिनंच.

बागप्रेमी स्वयंसेवकांचं एक मंडळ होतं. मानधन नाही, भत्ता नाही, गुडघे दुखेपर्यंत काम आणि वर चहा ज्याच्या त्याच्या खिशातून. सार्वजनिक बागेतल्या गुलाबांची छाटणी, शाळेच्या कुंपणालगतचे भाजीचे वाफे, वर्षातून एकदा मोठं प्रदर्शन, आणि दर शनिवारी वाचनालयाच्या व्हरांड्यात रोपांचा दवाखाना. लोक आजारी झाडाची फांदी आणि मुळाजवळची मूठभर माती पिशवीत घालून आणत. नाव सांगायचं नाही, पिशवीला नुसता नंबराचा बिल्ला लावून टेबलावर ठेवायची, असा नियम होता. आपल्या हातानं झाड मेलं हे चारचौघांत कबूल करायला कुणाला आवडतं?

या दवाखान्यात थोरलीचा शब्द शेवटचा असे. जन्मभर तिनं कोपऱ्यावरच्या गाळ्यात कपडे उसवून नीट करून दिले होते, त्यामुळे बिघडलेलं काही दिसलं की तिचे हात शिवशिवत. "बोट घाला मातीत. दोन पेरं. ओलं लागलं की झारी खाली ठेवा," हे तिचं वाक्य. मंडळाच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळे पाठीमागे माइकवाले म्हणत, ते भाषणांतून इतक्यांदा वापरलं होतं की ते आपलंच आहे अशी त्यांची खात्री झाली होती. प्रदर्शनाच्या दारात स्वागताला कायम थोरलीची बोगनवेल असायची, पांढरी, कडांना गुलाबी झाक असलेली. ती जागा म्हणजे मंडळातलं मानाचं पान. कुणी ते लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मग धाकटे दीर गेले. धाकटी पडदे ओढून घरात बसून राहिली, फोन उचलेना, जेवायचं नाव काढेना. एके सकाळी थोरली तिच्याकडे गेली, भराभर पडदे सारले आणि म्हणाली, "ऊठ. माती उकर. रडायचं ते तिथं रड." जाताना आपल्या बोगनवेलीच्या दोन फांद्या तिनं कापडाच्या पट्टीनं बांधून नेल्या होत्या. मंडळात बाकीचे सुतळी वापरत किंवा तार. थोरली मात्र जुन्या कपड्यांच्या काठाच्या पट्ट्या वापरायची आणि वर शिलाईवाल्यांची ती दुहेरी गाठ मारायची, जी ओढली की आणखी घट्ट होते. त्या वेळी तिच्या मनात काडीची खोट नव्हती.

खोट आली ती पुढं, हळूहळू. धाकटीनं उमेदीची सगळी वर्षं चष्म्याच्या दुकानात घालवली होती, "हे स्पष्ट दिसतंय की ते?" असं दिवसभर लोकांना विचारत. तीच सवय तिनं दवाखान्यात आणली. आधी माणसाचं ऐकून घ्यायची, मग पानाकडे बघायची. थोरली पिशवी उघडायच्या आत निकाल देत असे. लोकांना मात्र ऐकून घेणारं माणूस आवडतं. बघता बघता टेबलाच्या त्या टोकाला रांग लागू लागली आणि या टोकाला थोरली चष्मा पुसत बसू लागली. मंडळाच्या मासिक वार्तापत्रात धाकटीचा फोटो आला, शाळेतल्या मुलांना वाफा करून दाखवतानाचा. चांगला अर्ध्या पानाचा.

"अगं, तिचा फोटो आला म्हणून तुझा काय पुसला गेला?" नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," थोरली म्हणाली, आणि झारी भरून गॅलरीत गेली.

हे तिचं नेहमीचंच झालं होतं. धाकटीचं कौतुक कानावर पडलं, की ही तडक गॅलरीत. कुणी फोनवर म्हणे, "तुमच्या जाऊबाईंनी आमचं लिंबू वाचवलं हो!" की ही "हो का, वा वा" म्हणून फोन ठेवी आणि बोगनवेलीच्या कुंडीत पाणी ओती. झाड तरी माझं आहे, असं काहीतरी तिच्या मनात असावं. आणि धाकटीचं कौतुक त्या दिवसांत फारच होत होतं.

बोगनवेल पिवळी पडू लागली. पानं हात लावला की गळत. थोरलीनं कीड म्हणून फवारा मारला, बुरशी म्हणून पावडर टाकली, भूक म्हणून खत घातलं, आणि प्रत्येक उपायानंतर वरून पाणी. जगाला मातीत बोट घालायला सांगणाऱ्या बाईला आपल्या कुंडीत बोट घालायचं काही सुचलं नाही.

अशात प्रदर्शन तोंडावर आलं. माइकवाल्यांनी तिला बाजूला घेतलं आणि माइक नसतानाही मोठ्यानं म्हणाले, "या वेळी दारात धाकट्या बाईंची कुंडी ठेवून बघू या का? काय फुललीय म्हणता! आणि फांदी तुमचीच, म्हणजे मान तुमचाच, नाही का?"

"ठेवा की," थोरली हसून म्हणाली. "फक्त माझी बघितल्याशिवाय ठरवू नका."

घरी येऊन ती कुंडीसमोर बसली आणि तिला रडू फुटलं. दारातली जागा गेली, तर आपण या मंडळात कोण? टेबलाच्या रिकाम्या टोकाला बसणारी एक म्हातारी. धाकटीच्या अंगाला माती लागली ती आपल्यामुळं, आणि आता तीच आपल्याला दारातून उठवणार. रडून झाल्यावर मात्र तिच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो काही चांगला नव्हता. आपल्याला जे ओळखता आलं नाही, ते हिला कुठलं येणार? होऊ दे एकदा सगळ्यांसमोर फजिती.

शनिवारी ती दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पोचली. फांद्या आणि माती पिशवीत घातली, पिशवीला बिल्ला लावला आणि ती धाकटीच्या बाजूच्या ढिगात सरकवून दिली. मग आपल्या खुर्चीवर बसून वाट बघू लागली.

धाकटीनं ती पिशवी उघडली तेव्हा व्हरांडा भरलेला होता. तिनं माती बोटांत चुरली, नाकाशी नेली, मुळाचा तुकडा दाबून बघितला. वरची साल सुटून हातात आली.

"कीड नाही," ती म्हणाली. "बुरशी नंतर आलेली. मुळं कुजलीत, पाण्यानं."

"कुणीतरी अडाणी दिसतंय," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. थोरलीही हसली, न हसून करते काय?

"अडाणी नाही हो," धाकटी म्हणाली. "उलट या झाडावर कुणाचं तरी फार लक्ष आहे. मन थाऱ्यावर नसलं की माणूस असं करतं. आमचे हे गेले तेव्हा मीही घरातल्या सगळ्या कुंड्या बुडवल्या होत्या. ज्याची असेल त्याला एवढंच सांगा, की..."

बोलता बोलता तिनं फांद्या सोडवायला घेतल्या. निळ्या चौकड्यांच्या काठाची पट्टी होती ती, आणि वर दुहेरी गाठ. थोरलीनं बिल्ल्याची काळजी घेतली होती, पण हातांना सवयीचं काम करताना कोण विचारतं? ओढली की घट्ट होणारी ती गाठ धाकटीनं न ओढता, नखानं अलगद सोडवली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे तिनं मानसुद्धा वळवली नाही. पट्टी हातरुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि पुढची पिशवी घेतली.

सगळ्यांसमोर बोलली असती तर परवडलं असतं. थोरलीला तिच्याशी भांडता आलं असतं, अबोला धरता आला असता. हिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी थोरली रिकाम्या हातानं आली. दारात धाकटीची बोगनवेल होती, पान दिसू नये इतकी फुललेली. माइकवाल्यांनी लांबूनच विचारलं, "अरे, तुमची कुंडी कुठाय?"

"मीच वहिनींना म्हटलं, यंदा आणू नका म्हणून," थोरलीनं तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली. "म्हटलं, माझी एकदा मिरवू दे."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. फुलं हिची, जागा हिची, आणि आता खोटं बोलायचा मोठेपणाही हिचाच!

दुपारी जेवणाच्या वेळी हॉलमधली गर्दी ओसरली. झाडांवर पाणी शिंपडायचं काम थोरलीकडे होतं. भरलेली झारी घेऊन ती दाराशी आली आणि या खेपेला तिनं मातीत बोट घातलं. दोन पेरं. कोरडी ठणठणीत. बोगनवेल अशीच फुलते, पाण्याला जरा तरसली की. हे ती लोकांना वर्षानुवर्षं सांगत आली होती. प्रदर्शन चांगलं आठवडाभर चालणार होतं, आणि झारी तिच्याच हातात असणार होती. म्हातारी किती मायेनं करते, असंच सगळे म्हणाले असते. तिनं झारी कलती केली. पाणी तोटीच्या तोंडाशी आलं.

"कोरडी आहे का हो, वहिनी?"

धाकटी मागं उभी होती, हातात डबा. संशयानं नव्हे, पहिल्या दिवसांत विचारायची तशी विचारत होती. "घालायचं का पाणी? तुम्ही सांगाल तसं."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. हिला माहीत नाही, की सगळं माहीत आहे? चष्म्याच्या दुकानातल्या त्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"नको," शेवटी ती म्हणाली. "घालू नकोस. मी म्हटलं तरी घालू नकोस."

धाकटीनं पर्स उघडली. निळी पट्टी काढली, एक ओघळलेली फांदी काठीला लावून धरली आणि पट्टी थोरलीपुढं केली. "तुमच्यासारखी गाठ मला अजून जमत नाही."

थोरलीनं झारी खाली ठेवली आणि गाठ मारली. तेवढ्यात लेकराला कडेवर घेतलेली एक बाई दारात थबकली. "अगंबाई, काय फुललीय! कुणाची हो ही?"

फांदी माझी होती, पडदे मी सारले होते, हिला खुरपं धरायला मी शिकवलं, हे सगळं थोरलीच्या जिभेवर आलं.

"हिची," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या जावेची." पोटात दुखलं ते दुखलंच. झारी उचलून ती बाहेर गेली आणि सगळं पाणी कुंपणाच्या मेंदीला ओतून आली.