चुलवाणात तपासलेला पत्रा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत कधी कळलं नाही, त्याबद्दल माफी. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते. सवय आहे.

कासुर्डीच्या एका गुऱ्हाळावर मी चुलवाण पेटतं ठेवते. वर काहिलीत उसाचा रस उकळतो, खाली भट्टीच्या तोंडाशी बसून मी उसाची वाळलेली चिपाडं आत सारते. हे काम माझ्या नवऱ्याचं. ते वारल्यावर मी धरलं. बाकीची माणसं उत्तरेकडची. चांगली आहेत, पण दिवसभरात माझ्या वाट्याला "चाची, आंच बढाओ" एवढंच येतं. घरी गेल्यावर तेवढंही नाही.

आमच्या घरामागे नवऱ्याचे एक मित्र राहतात. कारखान्यात फिटर होते. ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भावजी. त्यांनी रिकाम्या कांदाचाळीत विमान बांधायला घेतलं होतं, एक माणूस बसेल एवढं. लोक रस्त्यावरून ओरडायचे, "फिटर, यवतच्या स्टँडवर थांबा हाय का?"

"हाय की! पर तुला टपावर बसावं लागंल," भावजी चाळीतूनच उत्तर द्यायचे.

एका दुपारी ते पोत्यात पत्र्याचे तुकडे घेऊन गुऱ्हाळावर आले. "वहिनी, तुमची आग पाहिजे." मग समजावलं. इंजिन पुढं, त्याच्या मागं लगेच त्यांचे पाय. मध्ये एक पत्रा. इंजिनाला आग लागली तर विमान खाली उतरेपर्यंत ती त्या पत्र्यानं अडवायची.

"किती येळ?" मी विचारलं.

"पंधरा मिनिटं धरू. आन् पत्रा हलका पाहिजे, न्हाईतर विमान कांदाचाळीतच राहील."

पहिला तुकडा ॲल्युमिनियमचा. तो टिकणार नाही हे मला माहीत होतं. माझी एक पातेली अशीच राखेत वितळून गेली होती. पण मी बोलले नाही. बोलले असते तर ते लगेच गेले असते. त्यांनी चिमट्यात धरलेला तुकडा आधी लवला आणि मग सायीसारखा गळून पडला. भावजी हसले. पुढच्या आठवड्यात घराच्या छपराचा असतो तसला जस्ताचा पत्रा आणला. त्यातून पांढरा धूर निघाला, सगळे खोकत बाहेर पळाले. तो आठवडाही मला बरा गेला.

तिसरा स्टेनलेस स्टीलचा, पोस्टकार्डासारखा पातळ. निळा झाला, लाल झाला, पण पंधरा मिनिटं तसाच राहिला. गुऱ्हाळातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. भावजी म्हणाले, "झालं वहिनी. हाच. उद्या रिवेट मारून बसवतो."

मी मात्र पाहिलं होतं. पत्र्याच्या मागच्या बाजूला एक चिपाड टेकलं होतं. त्याला ज्वाळ लागली नव्हती, तरी ते काळं पडलं होतं. सांगावंसं वाटलं, पण चिपाडं आत सारत राहिले. त्यांना वाटेल, आपण पुन्हा यावं म्हणून ही खोट काढते. आणि ते यावेत असं मला वाटत होतंच, म्हणून जास्तच लाज वाटली.

सकाळी भाकरी थापत होते. चाळीतून ठकठक सुरू झाली. तव्यावरच्या भाकरीकडे बघत राहिले, आणि मग तवा फडक्यात धरून, भाकरीसकट, तशीच चाळीत गेले. ते रिवेट मारत होते.

"भावजी, तव्याला काय झालं न्हाई," मी म्हणाले. "पर भाकरी भाजली."

त्यांनी तव्याकडे पाहिलं, मग पत्र्याकडे. "आन् भाकरीच्या जागी माझं पाय."

"व्हय."

ते खाली बसले. मग म्हणाले, "वहिनी, दोन दिवस बोलायचं का न्हाई, बोलायचं का न्हाई, करत बसला असता तर?" मी तवा खाली ठेवला. एक रात्र तर मी तशी बसलेच होते.

कारखान्याच्या भट्ट्यांना आतून लावतात ती सिरॅमिकची लोकर पुण्यात मिळते. ती पत्र्यावर इंजिनाच्या बाजूनं लावायची आणि वरून पातळ पत्र्यानं झाकायची. पण त्यांचे पैसे इंजिनात संपले होते. माझ्याकडे हंगामाचे साठलेले होते, ते दिले. लोकर आल्यावर पुन्हा चुलवाणाशी तुकडा धरला. या वेळी मागं मी कच्च्या भाकरीचा गोळा चिकटवला. पंधरा मिनिटांनी काढला तर कोमट झाला होता, आत पीठ कच्चंच. भावजींनी तो गोळा सगळ्यांना फिरवून दाखवला, बारशाच्या पोरासारखा.

"पैसं हप्त्यानं देतो," ते म्हणाले. "फोनवर टाकू का?"

"माझ्या फोनात ते न्हाई," मी म्हणाले. होतं.

मग दर महिन्याला ते दारात उभे राहून नोटा मोजून द्यायचे. चहा घ्यायचे. विमानाचं सांगायचं असेल तेवढं सांगायचे. कपबशी मी दुसऱ्या दिवशी धुवायची.

एकदा यवतच्या बाजारात मी फोननं भाजीचे पैसे देत होते. वर पाहिलं तर समोर भावजी. मी मेथीकडे बघू लागले. ते पुढच्या गाळ्याकडे वळले. पुढचे दोन महिनेही नोटाच घेऊन आले.

नंतर पंख काढून विमान ट्रॉलीवर चढवलं आणि भीमेपलीकडं शिरूरच्या बाजूला नेलं. तिथं त्यांच्या पुतण्याची लांब, सरळ पडीक जमीन आहे. अजून उडालं नाही, परवानगीची वाट बघतात. पण इंजिन चालू करून अर्धा तास आत बसले होते म्हणे. ते तिथंच राहतात आता. चाळीत कांदा भरलाय.

काल चुलवाणाशी बसले होते, तेव्हा फोन वाजला, भावजींनी पैसे टाकले होते. हात पदराला पुसून आकडा वाचला. मनात बेरीज केली, पुन्हा केली. बरोबर होती. सगळे फिटले.