पूर्णेचा उतार आणि खिंडीचा ओंडका

अभिमान माणसाला आंधळा करतो, असे पन्नाशी ओलांडल्यापासून मी स्वतःला वारंवार बजावतो. विद्येचा, घराण्याचा, जमिनीचा, असे एकेक अभिमान तपासून मी दूर ठेवले. पूर्णेचा मात्र सुटत नाही; आणि तो सुटावा, असे मनापासून वाटतही नाही.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, आणि मधल्या काळ्याभोर खोऱ्यातून वाहणारी ही नदी. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पाणी शोधावे लागते. पण काठची माती एकदा ओली झाली की हत्तीचाही पाय सोडत नाही. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेच्या गिरण्या आमच्या कापसाकडे वळल्या होत्या, त्या हंगामातली गोष्ट. दर्यापूरकडच्या गाड्या पूर्णा उतरून अकोल्याच्या बाजारी जात. नदी ओलांडायच्या या उतारावर एक रिवाज होता: जो काठ चढून गेला, त्याने आपली बैलजोडी सोडून मागच्या गाडीपुढे जुंपायची, आणि मगच आपली वाट धरायची.

माघातले आभाळ त्या दुपारी भरून आले. वरच्या अंगाला कोठे तरी मावठ झाले असावे. पाणी हळूहळू चढत होते. आमच्या दोन गाड्यांत वर्षाचा कापूस होता. तो भिजून पिवळा पडला असता, तर कोणी त्याला हात लावला नसता. आणि आमच्या पुढची गाडी नेमकी पात्रात रुतली.

गाडीवान सातपुड्यापलीकडचा होता. खिंड उतरताना गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये, म्हणून तिकडचे लोक मागे जड ओंडका बांधून फरफटत आणतात. नदीचा काठही त्याने तसाच उतरला, आणि ओंडका चिखलात नांगरासारखा घुसला.

“सोड तो ओंडका!” आमचे वडील गुडघाभर चिखलातून ओरडले.

“अख्खी खिंड याच्याच जिवावर उतरलो, पाटील! तुमचा हा नाला काय चीज हाय?”

“नालाच हाय, दादा. मंग तुहे बैल त्यात काहून बसले? सासुरवाडी समजले काय?”

मागचे गाडीवान हसले. त्याचा चेहरा उतरला. “भावासारखा हाय तो मले,” तो म्हणाला.

“मंग भावाले गाडीत बसव ना! चिखलातून काहून फरफटून राहिला?”

आता तोही हसला आणि त्याने स्वतःच दोर सोडला. आम्ही चाकांखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या अंथरल्या, आमची जोडी त्याच्या बैलांपुढे जुंपली, आणि गाडी वर निघाली.

तो परका, रिवाज त्याला कोण सांगणार? मी सांगायला तोंड उघडले, तर वडिलांनी खुणेने गप्प केले. आपली जोडी घेऊन ते मुकाट्याने परत उतरू लागले.

“कुठं चालले, पाटील?”

“माह्या गाड्या मागंच हायेत ना.”

त्याने आभाळाकडे पाहिले, आपल्या कापसाकडे पाहिले, आणि जोडी सोडून तो वडिलांच्या मागोमाग पात्रात उतरला. चार बैलांनी आमच्या दोन्ही गाड्या एकामागून एक ओढून काढल्या. दुसरी चढली तेव्हा पाणी चाकांच्या आसाला लागले होते. कापूस कोरडा होता.

आमच्या मागे आणखी एक अनोळखी गाडी उरली होती. वडिलांनी पुन्हा जोडी सोडायला हात घातला, तोवर तो ओंडकेवाला आपल्या बैलांना हाका देत पाण्यात शिरलाही होता.