काळ्या कुत्र्याचं पोट

कळंब्याकडच्या आमच्या गल्लीत संयोगिता अक्काइतकं बारीक विणणारं दुसरं कुणी नव्हतं. मी तिची शेजारीण, आणि माझ्या तोंडून कुणाचं कौतुक सहजासहजी निघत नाही, हे गल्लीत कुणालाही विचारा. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला, सासरच्यांनी ट्रंक दारात आणून ठेवली आणि ती धाकट्या भावाच्या, आकारामच्या घरी परत आली. त्याला वीस वर्षं झाली. मागची खोली तिची आणि धुणीभांडीही तिचीच. क्रोशाची सुई धरायला मला तिनंच शिकवलं. माझे टाके सैल पडायचे. ती न बोलता उसवायची आणि लोकर पुन्हा माझ्या हातात द्यायची.

आकारामचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. मागे महिला मंडळानं विधवांचं हळदीकुंकू केलं तेव्हा त्यानं खुर्च्या फुकट दिल्या, बहिणीला पुढच्या रांगेत बसवून फोटो काढला आणि तो आठवडाभर सगळ्यांच्या मोबाईलवर फिरवला. लोकांनी वाहवा केली. मीही केली.

मग लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्याच्या बायकोला, प्रियदर्शनीला, मुलगा झाला. नवस नृसिंहवाडीचा होता. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, म्हणून बाळाच्या पाळण्यावरही लोकरीची चार कुत्री टांगायची ठरली आणि ते काम अक्काकडे आलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सख्खी आत्या ती एकटीच, तेव्हा तो मानही आपलाच, असं तिनं धरून चाललं.

“साडी नको मला,” ती मला म्हणाली, “पर नाव सांगितल्यावर पाठीत बुक्कं खायाचं हायत बघ. दानेश्वरी, तू जोरात मार.”

एकेक कुत्रं अंगठ्यापेक्षा थोडं मोठं. पांढरं, तांबडं, राखी आणि काळं. पाय वेगळे, कान वेगळे, शेपटी तीन साखळ्यांची. पांढऱ्याचं तोंड मेंढरासारखं दिसतंय म्हणून तिनं तीनदा डोकं उसवलं. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. दारातल्या उजेडात बसून ती बोटानं चाचपत एकेक टाका मोजायची. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

बारशाच्या चार दिवस आधी माझ्यासमोरच प्रियदर्शनी तिला म्हणाली, “अक्का, नाव चुलत वन्सं सांगतील. आमी काय मानत न्हाय, पर लोक बोलत्यात. तुमी घुगऱ्यांचं बघा की.”

आकाराम मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. अक्का “व्हय” म्हणाली आणि तिनं काळं कुत्रं पुरं करायला घेतलं.

बारसं झोकात झालं. चुलत आत्यानं बाळाच्या कानाशी वाकून राजवीर हे नाव सांगितलं आणि आम्ही बायकांनी तिच्या पाठीत दणादण बुक्के घातले. अक्का मागे चुलीपाशी घुगऱ्या ढवळत होती. कुत्री बघून पाहुण्या खुळावल्या. ती ऑनलाईन मागवली, असं प्रियदर्शनीनं सांगितलं. मी गप्प बसले.

गप्पच राहायला हवं होतं. काळं कुत्रं हातात घेतलं, पोट दाबलं, तर आत कुरकुरलं. कापूस कुरकुरत नाही. मला विणकामातलं किती कळतं ते चारचौघींत दाखवायची हौस, दुसरं काय!

“अगं बया, ह्येच्या पोटात कायतरी हाय की!”

प्रियदर्शनीनं कात्री आणली. कापसाच्या आत काळ्या लोकरीनं बांधलेली कागदाची घडी निघाली. तिनं अर्धी उलगडली. आत लिहिलं होतं : राजवीर.

“करणी!” कुणीतरी किंचाळलं. आकारामनं अक्काला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं आणि तिच्या पाठीत असा बुक्का घातला की हातातला घुगऱ्यांचा डाव उडून पडला.

“माझ्या प्वाराच्या जिवावर उठलीस?”

“आकाराम, सगळी घडी उघडून वाच की रं,” एवढंच ती म्हणाली. पण त्या कागदाला हात लावायला कुणी तयार नव्हतं. संध्याकाळी तिची ट्रंक पुन्हा दारात आली.

कागद आणि कुत्रं नदीत सोडायचं काम माझ्यावर आलं, कारण शोध माझा. पंचगंगेच्या घाटावर मी उरलेली घडी उघडली. नावाच्या वर अक्काच्या अक्षरात लिहिलं होतं : कुर्रर्र. नाव सांगण्याआधी प्रत्येक आत्या बाळाच्या कानात करते तोच आवाज. तिला पाळण्याजवळ उभं राहू देणार नव्हते, म्हणून तिनं आपलं कुर्रर्र कुत्र्याच्या पोटात घालून पाठवलं होतं. काळी लोकर एवढ्यासाठीच, की त्या दिवशी सुईवर तीच होती.

परत जाऊन तो कागद त्या घरात सगळ्यांसमोर धरता आला असता. मी दोन्ही पाण्यात सोडली. हिला अक्काची फूस आहे म्हणतील, या भीतीनं. याची मला लाज वाटते, पण ती लाजही मी उशिरानंच बाळगली.

अक्का आता गडमुडशिंगीत खोली घेऊन राहते आणि दुकानांना खेळणी विणून देते. परवा मी तिथं गेले. नातीसाठी कुत्रं हवं होतं आणि तिच्यासारखं दुसरीकडे मिळत नाही. घाटावर काय वाचलं ते सांगायचं, असं घरातून ठरवून निघाले होते. तोंड उघडलं नाही.

तिनं पांढरं कुत्रं पुढं केलं. तोंड, कान, शेपटी, सगळं बेतशीर. पोट मात्र उघडं. शेजारी कापसाची पुडी आणि दोरा ओवलेली सुई.

“आता सगळ्यास्नी असंच देती,” ती म्हणाली. “कापूस घरी जाऊन भर. पर आधी हितंच बोट घालून बघून घे.”

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. ती हसली नाही. माझ्या हाताकडे बघत बसून राहिली. मी बोट घातलं.